दादाचे टी-शर्ट: मशीनची रजई की हातची गोधडी?

दादा गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याचे टी-शर्ट तेव्हापासून पत्र्याच्या पेटीत होते. कबड्डीच्या स्पर्धांचे, गणेश मंडळाचे, कॉलेजच्या एनएसएस शिबिराचे, आणि एक निव्वळ घरात घालायचा, गळ्याशी विरलेला. आईने ते कुणाला दिले नाहीत, कुणाला घालूही दिले नाहीत. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी अमळनेरला गेले, तेव्हा तीच म्हणाली की यांची गोधडी करू. पुढचा महिनाभर मी शिंप्यांकडे, गाद्यांच्या दुकानात आणि गोधडी शिवणाऱ्या बायकांकडे फिरले. असा गठ्ठा पुष्कळ घरांत पडून असतो आणि कात्री लागली की मागे फिरता येत नाही, म्हणून त्या चौकशीतून कळलेलं इथे लिहिते आहे.

खरी निवड दोनच गोष्टींत आहे. एक, शिंप्याकडून चौकोन कापून, मशीनवर जोडून, मध्ये भर घालून रजई करून घेणं. दुसरी, बायकांकडून हाताने गोधडी शिवून घेणं. कपडे कुरिअरने पाठवले की रजई करून परत पाठवणारेही आहेत. तो मार्ग मी घेतला नाही. पार्सल वाटेत गहाळ झालं तर भरपाईचे पैसे मिळतील, टी-शर्ट मिळणार नाहीत.

दोन्हीकडे अडचण मात्र एकच निघते, ती म्हणजे कापड. आपली गोधडी लुगड्याची, धोतराची. त्या कापडात उभा-आडवा धागा असतो, ते ताणलं तरी जागेवर राहतं. टी-शर्ट होजिअरीचा, फंद्यांनी विणलेला. कापला की कडा गुंडाळल्या जातात, ओढला की लांबतो, आणि चौकोन म्हणून कापलेला तुकडा शिवून होईपर्यंत भलत्याच आकाराचा होतो. गल्लीतल्या गोधडी शिवणाऱ्या मावशींनी पहिला टी-शर्ट दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "हाई कापड ताणाई जास, ताई." सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आला.

शिंप्याकडे यावर उपाय आहे फ्यूजिंगचा. शर्टाच्या कॉलरला आतून लावतात ते चिकटणारं कापड, पण पातळ. ते इस्त्रीने मागून चिकटवलं की होजिअरी ताणत नाही आणि मशीनवर नीट चालते. आधी फ्यूजिंग, मग कापणी, हा क्रम शिंप्याला बजावून सांगा. आधी कापलं तर तुकडा इस्त्रीखालीच वाकडा होतो. मशीनला गोल टोकाची सुई लावायला सांगा, कारण टोकदार सुई होजिअरीचे फंदे तोडते आणि काही धुण्यांनंतर शिवणीच्या कडेने बारीक भोकं दिसू लागतात. नेहमी पँट-शर्ट शिवणाऱ्याकडे ती सुई असेलच असं नाही, मागवावी लागते. छापील भागावर इस्त्री सरळ फिरवू नये. रबरासारखा छाप वितळून इस्त्रीला चिकटतो. कापड उलटं करून किंवा वर बटर पेपर ठेवूनच इस्त्री करायची.

खेळाच्या जर्सींचं वेगळं सांगायला हवं, कारण आमच्याकडे त्याच जास्त होत्या. त्या पॉलिस्टरच्या असतात. गरम इस्त्रीने पॉलिस्टर चकाकतं, आकसतं, आणि कमी उष्णतेवर फ्यूजिंग धड चिकटत नाही. तिथे जुनी रीत कामी आली. धोतराच्या तुकड्यावर जर्सीचा चौकोन पसरून चारी बाजूंनी कच्चे टाके घालायचे. धोतर ताणत नाही, त्यामुळे वरची जर्सीही ताणत नाही. मावशींनी मग सुती टी-शर्टांनाही हेच अस्तर लावायचं ठरवलं, कारण फ्यूजिंगमधून हातातली सुई जड जाते आणि दिवसभर शिवलं की बोटं सोलतात. म्हणजे मशीन असेल तर फ्यूजिंग आणि हाताने शिवायचं असेल तर अस्तर. हे आधी ठरवा, कारण एकदा फ्यूजिंग चिकटवलं की गोधडीवाल्या बायका ते काम घ्यायला कां-कूं करतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

भर कशाची, यावर माझं मत पक्कं आहे. गादीवाले म्हणतात, आपल्याकडे कापूस मुबलक, कापूस भरा. खान्देशात हे ऐकायला गोड लागतं. पण सुट्ट्या कापसाची रजई धुता येत नाही. पाण्यात कापसाचे गोळे होतात, ती उसवून पुन्हा पिंजावी लागते. शिंपी सहसा पॉलिस्टरचं वॅडिंग, म्हणजे तंतूंचा तयार फुगीर थर, घालतात. ते धुता येतं, हलकंही असतं, पण त्यात घाम येतो. धुळे-जळगावकडची डिसेंबर-जानेवारीतली थंडी चांगली कडक असते, तेव्हा ती रजई छान. मार्चनंतर मात्र ती कपाटात जाते, आणि जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा तिच्याकडे बघवतही नाही. जुन्या सुती लुगड्यांचे थर घातलेली गोधडी उन्हाळ्यात गच्चीवर खाली अंथरता येते आणि हिवाळ्यात अंगावर घेता येते. वर्षभर हाताशी राहते. आईला तेच हवं होतं.

हाताच्या कामात एक धोका आहे, तो कुणी आधी सांगत नाही. गोधडीवर बोटभर अंतराने टाक्यांच्या ओळी असतात. काठापासून सुरू करून चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत जायचं, ही सवयीची चाल. दादाच्या कबड्डीच्या टी-शर्टावर छातीभर रबरी छाप आहे. त्यातून सुई गेली की भोक कायमचं राहतं आणि छाप तिथूनच तडकतो. म्हणून छाप सोडून त्याच्या भोवतीने टाके घालायला सांगा. लुगड्याचे थर अखंड असतात, त्यामुळे छापाएवढी जागा बिनटाक्याची राहिली तरी आतलं काही सरकत नाही. सुटा कापूस असता तर तिथेच गोळा झाला असता.

मापाचा हिशेब सोपा आहे. शिवून १२ इंचांचा चौकोन हवा असेल तर १३ इंचांचा कापा, सगळ्या बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. आडवे ४, उभे ५ असे २० टी-शर्ट बसवले की ४८ बाय ६० इंच होतात. ते मोठ्या माणसाला पुरत नाही. आम्ही दोन्ही बाजूंना ६-६ इंच आणि वर-खाली १२-१२ इंच आईच्या लुगड्याची पट्टी लावली, तेव्हा ती ५ फूट बाय ७ फूट झाली. लुगड्याचा पन्हा साधारण चार फुटांचा असतो, म्हणून थरासाठी दोन तुकडे जोडावे लागतात. एका नऊवारीत एक थर निघतो आणि उरलेल्यात पट्ट्या होतात. लहान मुलांचे टी-शर्ट असतील तर त्यांत १३ इंच निघतच नाहीत, तेव्हा भोवतीने दुसऱ्या कापडाची चौकट जोडून माप भरून काढा.

दिसण्यात मशीनची रजई सरस असते हे मान्य करायला हवं. कडा सरळ, चौकोन एकसारखे, आणि काम आठवड्याभरात हातात. मुलगा पुण्याला नोकरीला निघाला आहे, त्याला त्याच्या शाळा-कॉलेजचे टी-शर्ट जोडून द्यायचे आहेत, तर मी मशीनच सुचवीन. तो ती रजई वॉशिंग मशीनमध्ये धुणार, पलंगावर टाकणार, तिला वॅडिंगच बरं. हाताच्या गोधडीला वेळ लागतो, आणि कोणत्या महिन्यात काम देता यावर पुष्कळ अवलंबून आहे. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की बायका शेतात असतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते, ती थंडीत चालू राहते. फेब्रुवारी ते मे एवढीच त्यांच्या हाताला सवड असते. आमची गोधडी दोघींनी दुपारी दुपारी बसून तीन आठवड्यांत पुरी केली. रोज तीन-चार तास धरले तरी किती तास झाले पाहा, आणि मजुरी ठरवताना ते ध्यानात ठेवा. शिंप्याची शिलाई जेवढी, त्याहून कमी पैसे या कामाला देणं मला पटत नाही.

पाच-सात टी-शर्ट असतील तर दोन्ही नको. उशांचे अभ्रे करा, किंवा एखादा चौकटीत लावा.

आता धुण्याचं. कापण्याआधी सगळे टी-शर्ट आणि पाठीला लावायचं कापडही धुऊन घ्यावंच लागतं, नाहीतर शिवल्यावर एक आटतं, दुसरं आटत नाही आणि गोधडी आखडते. पण धुतलं की कपड्यातला माणसाचा वास जातो. आम्ही पेटी उघडली तेव्हा तो अजून होता, आई कितीतरी वेळ काही बोलली नाही. ज्यांच्या घरी अशी वेळ आली आहे त्यांनी एक टी-शर्ट बाजूला काढावा, न धुता, न कापता. आम्ही तो विरलेल्या गळ्याचा ठेवला. बाकीच्या २० चौकोनांची गोधडी आता आई उलट्या बाजूने उन्हात घालते, म्हणजे छापांचा रंग उडत नाही, आणि संध्याकाळी ऊन उतरायच्या आत घरात आणते.