फिशटँकसाठी कूलरचा पंप की २४ व्होल्टचा डीसी पंप? दिवाळी ते पोळा वापरून

टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. हिशेबाने १३२ लिटर, पण रेती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ११० लिटरच बसतं. मासे गोल्डफिश, म्हणजे घाण भरपूर. वर ट्रेचा फिल्टर, पंप तळाशी. आधी डब्यावर १८ वॉट लिहिलेला कूलरचा एसी पंप होता, म्हणजे थेट घरच्या २३० व्होल्टवर चालणारा. दिवाळीत त्याच्या जागी दहा स्पीडचा २४ व्होल्टचा डीसी पंप बसवला आणि पोळा आला तरी तो दिवसरात्र चालू आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण एकाच बनावटीचे पंप वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. काय तपासून घ्यायचं ते कळलं म्हणजे झालं.

आपल्याकडे मार्च लागला की प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानात कूलरच्या पंपांचा ढीग लागतो, तीन-चारशे रुपयांत मिळतो, आणि तोच फिशटँकमध्ये जातो. पाणी उचलतो, त्यात वाद नाही. पण तो बनलेला असतो कूलरच्या तळातून तीन-चार फूट वर पाणी चढवायला. डब्यावर लिहिलेलं असतं ११०० लिटर ताशी, उंची १.८ मीटर. टाकीला किती उंची लागते? बरेच जण पंपापासून ट्रेपर्यंत मोजतात आणि दीड फूट म्हणतात. ते चूक. पंपावर जेवढं पाणी उभं आहे तेवढं उचलायला जोर लागत नाही. उंची मोजायची ती पाण्याच्या पातळीपासून पाइपच्या तोंडापर्यंत. इथे ती जेमतेम १५ सेंटीमीटर आहे. बाकीच्या उंचीची ताकद फुकट जाते आणि तिचं बिल महिन्याला येतं. पंपाची चकती फिरवून पाणी कमी केलं तर वीजही तेवढीच कमी होईल असं वाटतं, पण एसी पंपाची मोटर ५० हर्ट्झला बांधलेली असते, ती त्याच वेगाने फिरत राहते. वॉट एखाद-दुसराच उतरतो.

पाणी किती फिरायला हवं याचा साधा नियम म्हणजे टाकीच्या चार ते पाच पट दर तासाला. ११० लिटरला ४५० ते ५५० लिटर. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, ट्रेवरचा पाइप १० लिटरच्या बादलीत धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ३६,००० भागिले सेकंद म्हणजे लिटर ताशी. कूलरचा पंप ४५ सेकंदांत बादली भरायचा, म्हणजे ८०० लिटर. ट्रे त्याला पुरत नव्हता आणि स्पंजवरून पाणी न गाळताच परत पडायचं. डीसी पंप पाचव्या स्पीडला ६८ सेकंद घेतो, सुमारे ५३० लिटर. नेमकं हवं तेवढं.

विजेचा फरक: कूलरचा पंप १६.५ वॉट, डीसी पंप पाचव्या स्पीडला अडॅप्टर धरून ६.५ वॉट, फुल स्पीडला १९ वॉट. पुस्तकी नियमाने पंपाचा वेग निम्मा केला की वीज आठवा हिस्सा लागायला हवी. प्रत्यक्षात एक तृतीयांशावर थांबते, कारण अडॅप्टर आणि कंट्रोलर (स्पीड बदलायचा डबा) स्वतःच एक-दीड वॉट खात असतात आणि छोटी मोटर कमी वेगाला तितकीशी किफायती राहत नाही. म्हणून कोणी डीसी म्हटलं की लगेच बचत समजू नका. दहाव्या स्पीडला चालवायचा असेल तर जुना पंपच बरा होता.

एक वॉट महिनाभर सतत चालला की ०.७२ युनिट. १० वॉटची बचत म्हणजे महिन्याला ७.२ युनिट, वर्षाला सुमारे ८८. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे पावणेनऊशे. पंपांच्या किमतीत दीड हजाराचा फरक आहे, तो निघायला वीस महिने लागतात. महिन्याचं बिल १०० युनिटच्या खालीच राहत असेल तर आणखी जास्त, कारण खालच्या स्लॅबचा दर कमी. १०० च्या वर जाणाऱ्या घरात मात्र ही ७ युनिटं वरच्या, महाग स्लॅबमधून सुटतात.

हे वॉट प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवरचे आहेत. क्लॅम्प मीटरने अँपिअर घेऊन २३० ने गुणलं तर एसी पंपाचा आकडा बराच फुगून येतो. त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाचा वाटा, कमी असतो आणि घरगुती मीटर पैसे लावतं ते खऱ्या युनिटचे.

आता व्होल्टेज. डीसी पंप घेण्याचं खरं कारण इथे सापडलं. जिथे गावठाण आणि शेतीचं फीडर एकच आहे तिथे रब्बीत हरभऱ्या-गव्हाच्या पाण्याला मोटरी लागल्या की रात्री १७०-१८० व्होल्टच राहतात. लाईन जाऊन आली की एसी पंपाचा रोटर कमी व्होल्टेजला उचल घेत नाही, जागच्या जागी गुरगुरतो आणि तापतो. सकाळी पाहावं तर पंप चालू आहे असं वाटतं, पाणी मात्र पडत नाही. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर हा त्रास संपतो. उलट डीपीवरून व्होल्टेज उसळलं तर अडॅप्टर पहिला जळतो, मोटर वाचते. २४ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर वेगळा मिळतो. पिन ५.५ मिलिमीटरची असते, आतलं भोक २.१ की २.५ तेवढं जुळवून घ्या.

दुकानात घेतानाच एक गोष्ट करून पाहा: स्पीड पाचवर ठेवा, बोर्डाचं बटण बंद करा, पुन्हा चालू करा. पंप पाचवरच सुरू झाला पाहिजे. काही कंट्रोलर फुल स्पीडला जातात, काही बंदच राहतात. दिवसातून चार वेळा लाईन जाणाऱ्या गावात असा कंट्रोलर मासे मारेल. डीसी पंपाची एक खोड अशी की तो हळूहळू वेग घेतो, त्यामुळे आत अडकलेली हवा बाहेर ढकलत नाही. पाणी बदलल्यावर पंप तिरपा करून बुडबुडे काढून टाका.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो बोअरच्या पाण्याने. दोन महिन्यांत स्पीड तोच, पण बादलीला ६८ ऐवजी ८५ सेकंद. उघडलं तर इम्पेलरच्या (आतल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या) पात्यांवर आणि चुंबकावर पांढरा खरखरीत थर, कूलरच्या जाळीवर बसतो तोच. अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी त्याहून खारट. वाफ झालेलं पाणी क्षार मागे ठेवून जातं आणि आपण पुन्हा बोअरचंच ओततो, म्हणून क्षार वाढतच जातात. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या कॅनची किंवा पावसाच्या पाण्याची घाला; पाणी बदलताना मात्र बोअरचंच चालतं. इम्पेलर, शाफ्ट आणि वरचं झाकण एक लिटर पाण्यात चार चमचे निंबूसत टाकून तासभर भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने दोनदा धुवा. संडासचं ॲसिड नको. पांढरा सिरॅमिक शाफ्ट काडीसारखा मोडतो, इम्पेलर सरळच ओढा, वाकवू नका. दोन्ही टोकांची रबरी बुशं हरवली की पंप खडखडतो. स्पंज निंबूसतात टाकू नका, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, नाहीतर त्यातले उपयोगी जिवाणू जातात.

वीज वाचवायला रात्री पंप बंद ठेवणारेही आहेत. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सर्वात कमी असतो, त्याच वेळी मासे वर येऊन तोंड मारू लागतात. बंद करायचा नाही, तिसऱ्या स्पीडवर आणायचा.

मे महिन्यात पाणी ३२-३३ डिग्रीपर्यंत गेलं. २५ डिग्रीला पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७.३. म्हणून उन्हाळ्यात स्पीड सातवर नेला आणि पाइपचं तोंड पाण्यावर लाट उठेल असं वळवलं; बचत तेवढ्यापुरती घटली. पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. १० वॉट दिवसभर ११० लिटरमध्ये साठले तर जवळपास दोन डिग्री वाढ. वाफेने ती बरीचशी निघून जाते, तरी उन्हाळ्यात कमी वॉटचा पंपच बरा. कूलरच्या झोतात टाकी असेल तर पातळी पटापट उतरते. पंपाच्या तोंडापेक्षा चार बोटं वर काचेवर खूण करून ठेवा. कोरडा चाललेला पंप शाफ्ट घासून टाकतो.

वायर प्लगपर्यंत सरळ नेऊ नका, खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जात नाही. कंट्रोलर टाकीच्या झाकणावर ठेवू नका. बऱ्याच घरांत अर्थिंग नावालाच असतं. अशा ठिकाणी पाण्यात २३० ऐवजी २४ व्होल्ट असणं हीच मोठी गोष्ट. एसी पंपच ठेवायचा असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा.

दीड-दोन फुटांच्या टाकीला हा पंप घेऊ नका. तिथे ३ वॉटचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर पुरतो, स्वस्तही पडतो. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत चेक व्हॉल्व (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाका, लाईन गेली की पाणी उलटं येतं. मोठ्या टाकीसाठी डीसी पंप घेतलात तर त्याच बिलात एक जादा इम्पेलर शाफ्टसकट मागून घ्या. तालुक्याच्या दुकानात तो सुटा मिळत नाही.