ट्रेन्झमधला काँक्रीट प्लांट, रोज प्लांटवर उभं राहणारीच्या नजरेतून

तळोज्याला रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवर मी क्वालिटी बघते, चौदावं वर्ष चालू आहे. घरी आल्यावर रात्री तास-दीड तास ट्रेन्झ. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये तयार झालेला हा संगणकावरचा रेल्वे सिम्युलेटर २००१ पासून आहे. त्यातला सर्व्हेअर, म्हणजे आपला आपण मार्ग बांधायचा भाग, मला गाडी चालवण्यापेक्षाही आवडतो. त्यामुळे रुळालगतच्या काँक्रीट प्लांटचा तयार सेट विकायला आलेला दिसला तेव्हा पाचशेच्या आसपास रुपये मोजून त्याच रात्री घेतला. सेटचं नाव इथे लिहीत नाही. करणारा एकटा माणूस आहे, त्रुटी मी त्याला थेट कळवल्यात आणि तो त्या दुरुस्त करतोय. पण असा कुठलाही सेट घेताना काय बघायचं, हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

आधी चांगलं. सायलो, म्हणजे सिमेंट साठवायच्या उंच टाक्या, उत्तम जमलेत. पायांची आडवी-तिरपी बांधणी, वर जाणारी पिंजऱ्याची शिडी, माथ्यावरचा फिल्टर, सगळं जागच्या जागी. सायलोच्या तळाला शंकू, शंकूखाली झडप आणि तिथून मिक्सरकडे तिरका चढत गेलेला स्क्रू कन्व्हेयर. बहुतेक मॉडेलांत हा स्क्रू नुसता पाइप असतो. इथे त्याला टोकाला मोटार आहे आणि मधे तपासणीची झाकणंही आहेत. माझ्या बघण्यात तरी हे पहिल्यांदाच आलं. खडीच्या बिनांना, म्हणजे खडी साठवायच्या कप्प्यांना, खालून वजनाचा पट्टा आहे, पट्ट्याच्या कडेला सांडलेली कपची आहे. ही सांडलेली कपची ज्याने काढली, त्याने एकदा तरी प्लांट जवळून बघितलाय.

आता मुख्य गोष्ट. मी सेट लावला, रूळ जोडले, मुलाला गाडी चालवायला दिली आणि स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटांनी हाक आली, "आई, गाडी काँक्रीट भरून निघाली बघ!"

खरंच निघाली होती. सेटमध्ये दोन सायडिंग, म्हणजे बाजूचे रूळ, आहेत, एक माल उतरवायचं आणि एक तयार काँक्रीट डब्यांत भरायचं. हे दुसरं सायडिंग बघून मला वाईट वाटलं, कारण बाकीचं काम इतकं मन लावून केलेलं आहे. ओलं काँक्रीट असं मालगाडीतून जात नाही. पाणी पडल्या क्षणापासून घड्याळ चालू होतं. रेडीमिक्सचं भारतीय मानक आयएस ४९२६, त्याप्रमाणे आम्हाला साधारण २ तासांच्या आत ते साइटवर पोचवून ओतायचं असतं, तेही वाटेत ड्रम फिरता ठेवून. उघड्या डब्यात भरून सायडिंगला उभं केलं तर डबा कायमचा गेला. रेल्वेने येते ती खडी, वाळू, क्वचित सिमेंट. काँक्रीट बाहेर जातं ते टीएममधून, म्हणजे फिरत्या ड्रमच्या ट्रान्झिट मिक्सर ट्रकमधून, रस्त्याने. म्हणून पहिलं काम, ते दुसरं सायडिंग काढून टाकलं आणि तिथे टीएम धुवायचा खड्डा केला. ट्रेन्झमध्ये उद्योगाच्या प्रॉपर्टीत कुठला माल आत आणि कुठला बाहेर हे आपल्याला ठरवता येतं, ही त्याची फार मोठी सोय आहे.

मग प्रश्न, प्लांट लावायचा कुठे? मनातून कळंबोलीला लावायचा होता. तिथलं रेल्वे यार्ड ओळखीचं, बीओएक्सएन या उघड्या मालडब्यांची ५८ डब्यांची रेक साधारण ६२० मीटर होते आणि ट्रेन्झमधल्या जमिनीचा एक चौकोन ७२० मीटरचा, म्हणजे सगळं मापात बसतं. पण मनाला पटेना. माझ्या प्लांटला खडी डंपरने येते आणि सुटं सिमेंट बल्करने, म्हणजे टँकरने. रेल्वेने सिमेंट येतं ते बहुतेक गोण्यांतून, बंद वाघिणींत, मालधक्क्यावर. तिथे रुळालगत खडीची गाडी खाली करणारा प्लांट दाखवणं खोटं झालं असतं.

हा सेट शोभतो तो इंग्लंडमध्ये. सॉमरसेटमधल्या मेंडिप टेकड्यांत मेअरहेड आणि व्हॉटली या चुनखडीच्या दोन मोठ्या खाणी आहेत. तिथून भरलेल्या लांबलचक गाड्या लंडनच्या पश्चिमेला अ‍ॅक्टन यार्डात येतात, तिथे तुटतात आणि तुकड्या-तुकड्यांनी शहरातल्या टर्मिनलांवर जातात. अशा टर्मिनलांच्या कुशीत काँक्रीटचे प्लांट असतात. याच वाहतुकीसाठी १९८६ मध्ये अमेरिकेहून क्लास ५९ इंजिनं आली. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवर धावणारी ती पहिली खासगी मालकीची डिझेल इंजिनं. मी अ‍ॅक्टनहून फुटणारी एक छोटी फाटी धरली आणि तिच्या टोकाला प्लांट बसवला.

तिथे पुढची अडचण आली. सेटमध्ये रुळांखाली खड्डा आणि खड्ड्यातून बिनांकडे जाणारा पट्टा आहे. खालून उघडणारे हॉपर डबे असतील तर हे अगदी बरोबर, गाडी पायी चालायच्या वेगाने पुढे सरकत राहते आणि डबे एकामागून एक खाली होतात. पण सेटमधले डबे चपट्या तळाचे आहेत. तसले डबे खड्ड्यावर उभे करून काही उपयोग नाही, ते वरून रिकामे करावे लागतात. त्यासाठी रुळांच्या शेजारी मुरमाचा उंच ओटा आणि त्यावर ग्रॅब, म्हणजे पंजा, लावलेला एक्स्कॅव्हेटर हवा. दोन्ही पद्धती खऱ्या आहेत, पण एकीचे डबे दुसरीला लावून चालत नाही. मी हॉपर डबे घेतले.

सिमेंटच्या डब्याचीही अशीच गत. सेटसोबत आलेला डबा लांब, उंच, वरून सलग झाकणांचा, म्हणजे सरळसरळ धान्याचा डबा. सिमेंट गव्हाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं, घनमीटरला १.४ ते १.५ टन. तेवढा लांब डबा सिमेंटने भरला तर आस वाकतील. म्हणून सिमेंटचे डबे बहुधा आखूड आणि बुटके दिसतात. मी दोन आसांच्या छोट्या टाक्या लावल्या आणि सायलोच्या पायथ्याला चार इंची फिलिंग पाइप जोडला. सिमेंट हवेच्या दाबाने वर जातं, हे त्या पाइपावरून लगेच कळतं.

सेटमधले मूळ आकडे मात्र तपासून बदलाच. आख्खी गाडी खाली केली की दहा मिनिटांत साठा संपतो आणि प्लांट पुढच्या गाडीसाठी ओरडायला लागतो. मी कागद घेऊन बसले. सुमारे ७५ टन मालाचे २० डबे, म्हणजे १,५०० टन. एका घनमीटर काँक्रीटला खडी आणि वाळू मिळून साधारण १.९ टन लागतात. म्हणजे एका गाडीतून जवळपास ७९० घनमीटर, आणि ८ घनमीटरचा टीएम धरला तर ९९ खेपा. प्लांट तासाला ६० घनमीटर काढत असेल तर ही गाडी १३ तास पुरते. हे आकडे भरल्यापासून खेळच बदलला. पहाटे एक गाडी येते, सावकाश खाली होते, रिकामी होऊन निघून जाते आणि मग दिवसभर फाटकातून फक्त टीएम. खऱ्या प्लांटचा दिवस असाच असतो.

जेवणाच्या सुट्टीत आमच्या बॅचरला, म्हणजे पॅनेलवरून मालाचं माप घालून प्लांट चालवणाऱ्याला, मोबाइलवर चित्र दाखवलं. तो माणूस वीस वर्षं पॅनेलवर बसलाय. त्याने चित्र मोठं करून नीट बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्याला पाणी कुठनं येतंय?"

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. सेटमध्ये पाण्याची टाकीच नाही. अ‍ॅडमिक्श्चरच्या, म्हणजे काँक्रीटमध्ये घालायच्या रसायनांच्या, टाक्या नाहीत, खडीवर मारायचे स्प्रिंकलर नाहीत. टाकी दुसरीकडून आणून बसवली.

राहता राहिला रंग. सगळा प्लांट एकसारखा मळवलाय, वरपासून खालपर्यंत तपकिरी. प्लांट असा मळत नाही. सायलोच्या माथ्यावर दाब सोडणारी झडप असते. भरताना कुणाचं लक्ष चुकलं आणि सायलो जास्त भरला की तिच्यातून सिमेंट उडतं, आणि पहिल्या पावसात त्याचा करडा ओघळ एकाच बाजूने खाली उतरून तिथेच घट्ट होतो. तो खरवडून निघत नाही. मिक्सरच्या तोंडाखाली काँक्रीटचे थर चढत जातात, पिठल्याच्या कढईला काठाशी चढतात तसे. लोडरच्या वाटेवर चाकोऱ्या, त्यांत साचलेलं दुधाळ पाणी. स्वच्छ असतं ते फक्त पॅनेल केबिनचं काचेचं तावदान, कारण बॅचरला तिथून टीएमचं तोंड दिसावं लागतं. हे सगळं मी सेटवर वेगळे डाग चिकटवून केलं, तीन रात्री गेल्या.

घ्यावा का? सर्व्हेअरमध्ये हात बसला असेल तर जरूर घ्या, सायलो आणि बिनांसाठीच पैसे वसूल आहेत. नुसता मार्गात टाकून गाडी चालवायची असेल तर सुधारित आवृत्ती येईपर्यंत थांबा.

करणाऱ्याला मी मोठं पत्र लिहिलं होतं. त्यात एक गोष्ट आवर्जून मागितली. साइटवरून परत आलेलं काँक्रीट आम्ही फेकत नाही. साच्यात ओतून त्याचे ठोकळे करतो आणि तेच ठोकळे रचून खडीच्या ढिगांमधल्या भिंती उभ्या करतो. काल त्याचं उत्तर आलं, ठोकळ्यांची मापं काय? आज डबा खाऊन झाल्यावर टेप घेऊन गेले. दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाऊण मीटर उंच. उचलायला वर सळईची कडी गाडलेली असते, तीही काढा, आणि प्रत्येक ठोकळ्याची छटा वेगळी ठेवा, कारण प्रत्येक जण वेगळ्या दिवशीच्या उरलेल्या मालाचा असतो, असं कळवलंय.