मालदीवचं बुकिंग कन्फर्म होतं, फक्त पैसेच पोचले नव्हते

लग्न आमचं डिसेंबर २०२४ चं आणि हनीमून फेब्रुवारी २०२५ चा, म्हणजे गोष्ट जुनी झाली आता, पण इतके दिवस लिहिलं नाही कारण घरात हा विषय निघाला की नवरा उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. आता परत लग्नसराई आली, मामेबहीण मालदीवचे रेट विचारत फिरून राहिली, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

आधी सांगते, मी काही डोळे मिटून पैसे दिले नव्हते. दोन महिने रोज रात्री बसून रिसॉर्ट बघत होते. तिकडे एक बेट म्हणजे एकच रिसॉर्ट असतं, त्यामुळे एकदा चुकलं की बाजूच्या हॉटेलात जाऊन जेवू असं नसतं, तिथलंच खा आणि तिथल्याच भावात खा. म्हणून हाफ बोर्ड (नाश्ता आणि एक जेवण) घ्यायचा की फुल बोर्ड (तिन्ही वेळचं), बीच व्हिला की पाण्यावरचा, सनसेटची बाजू की सनराईजची, घराच्या पायऱ्या उतरल्या की लगेच मासे दिसतील असं रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, जवळ आहे का, हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. सासूबाई म्हणायच्या एवढा अभ्यास एमपीएससीचा केला असता तर. शेवटी एक रिसॉर्ट दोघांनाही आवडलं, त्यांच्या स्वतःच्या साईटवर चार रात्रींचे सगळे टॅक्स धरून चार लाखांच्या वर जात होते, तेही विमान सोडून. तिथले रेट प्लस प्लस लिहिलेले असतात हे तेव्हाच कळलं, म्हणजे वरून १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि तेव्हा १६ टक्के जीएसटी, शिवाय पर्यटकांकडून माणशी रोजचा घेतात तो ग्रीन टॅक्स वेगळा.

मग आला हा ट्रॅव्हल एजंट भाऊ. मोठ्या दिरांच्या मित्राचा साला, आमच्या नागपुरात धरमपेठेत छोटंसं ऑफिस, भिंतीवर जगाचा नकाशा, गणपती, आणि आल्याआल्या मशीनचा चहा. दोन रात्री बीच व्हिला, दोन रात्री पाण्यावरचा, हाफ बोर्ड, स्पीडबोट, नागपूरहून मुंबईमार्गे विमान, सगळं मिळून २ लाख ८५ हजार. मी म्हटलं एवढं कमी कसं, तर म्हणे "वहिनी, आमचा कॉन्ट्रॅक्ट रेट आहे." आता डिसेंबर ते एप्रिल तिकडे कोरडं असतं, फेब्रुवारी म्हणजे ऐन सीझन, त्यात रिसॉर्टवाले स्वतः एवढं सोडतील का? पण तेव्हा हे डोक्यात आलं नाही, कारण माणूस ठग होता पण माहिती एकदम खरी देत होता. रिसॉर्टला नेणारं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, अंधारात उडत नाही, तुमची फ्लाईट दुपारनंतर पोचते, ती चुकली तर एक रात्र एअरपोर्टजवळ फुकट जाईल, म्हणून स्पीडबोटवालंच रिसॉर्ट घ्या असं त्यानंच सांगितलं. खरं आहे ते. आपल्याला मागून ताडून बघता येतील अशा पाच गोष्टी कुणी खऱ्या सांगितल्या की सहावी आपण ताडतच नाही.

पैसे बघा कसे घेतले. आधी ५० हजार टोकन, मग युपीआयची रोजची लिमिट १ लाख म्हणून दोन दिवस एकेक लाख, आणि वरचे ३५ हजार कॅश. खातं कंपनीचं नाही, बायकोचं सेव्हिंग. का, तर करंट अकाउंटला "काही प्रॉब्लेम चालू आहे". पॅन कार्डही घेतलं नाही, म्हणे बिलात दाखवलं तर ५ टक्के टीसीएस (विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा टॅक्स) लागेल, १४ हजार कशाला घालवता. आम्ही खूश, पैसे वाचले! सीए असलेल्या मावसभावानं नंतर डोक्यावर हात मारला, कारण तो टीसीएस वाया जात नाही, आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. बाहेरदेशचं पॅकेज विकणारा जर टीसीएस कापायलाच तयार नसेल तर त्याला कागदावर यायचंच नाहीये एवढं सरळ आहे ते.

आता खरी मेख. मी रिसॉर्टला स्वतः मेल केला होता! त्यानं दिलेल्या व्हाउचरवरचा बुकिंग नंबर टाकून, त्यांच्या साईटवरच्याच पत्त्यावर. उत्तर आलं की हो, दोघांच्या नावानं बुकिंग कन्फर्म आहे, तुमची वाट बघतो, लग्नाच्या शुभेच्छा. खाली एका ओळीत होतं की पेमेंट हॉटेलवर. मी त्याला फोन केला, की भाऊ हे काय? तो हसला. "टेन्शन काहून घेता वहिनी, तो ग्रीन टॅक्स आहे, जानेवारीपासून सहाचा बारा डॉलर झाला ना, तो तिथंच द्यावा लागते." आणि ग्रीन टॅक्स १ जानेवारी २०२५ पासून मोठ्या रिसॉर्टला खरंच दुप्पट झाला होता, मी गुगलवर बघितलं, बरोबर निघालं, झालं समाधान.

माले एअरपोर्टला उतरलो, इमिग्रेशन झालं, बाहेर प्रत्येक रिसॉर्टचा आपापला काउंटर असतो तिथं गेलो. बॅगेत सासूबाईंनी दिलेली संत्रा बर्फी, माझ्या हातात अजून चुडा. त्या मुलानं नाव शोधलं, परत शोधलं, मग स्क्रीन आमच्याकडे वळवला. बुकिंग एका हॉटेल बुकिंगच्या वेबसाईटवरून नोव्हेंबरात झालं होतं, पैसे न भरता, फ्री कॅन्सलेशनवालं. पोचायच्या १४ दिवस आधीपर्यंत फुकटात रद्द करता येत होतं आणि ते मुदतीच्या तीन दिवस आधी रद्द झालेलं. मेल आयडी त्याचाच टाकलेला त्यामुळे आम्हाला कळवायचा प्रश्नच नाही. म्हणजे मी मेल केला त्या दिवशी बुकिंग खरं होतं. रिसॉर्टवाले खोटं बोलले नव्हते. मीच चुकीचा प्रश्न विचारला होता.

एजंटला फोन लावला तर म्हणे सिस्टीम एरर आहे, दहा मिनिटांत सांगतो. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, मी तर त्याचाही हिशोब करत बसले की बाबा अजून ऑफिस उघडं असेल. संध्याकाळी नंबर ब्लॉक. रिसॉर्टला रूम होती पण चार रात्रींचे पूर्ण पैसे मागितले, आमच्याकडे फॉरेक्स कार्डावर ६०० डॉलर आणि दीड लाख लिमिटचं एक क्रेडिट कार्ड. नवरा तेवढ्यातही म्हणून राहिला होता की एकच रात्र करू, मीच नाही म्हटलं.

ती रात्र एअरपोर्टजवळच्या हुलहुमाले गावात काढली, तिथं एअरपोर्टहून रस्त्यानंच टॅक्सी जाते. दुसऱ्या दिवशी स्पीडबोटनं माफुशी बेटावर गेलो, तिथं स्थानिक लोकांची वस्ती आहे आणि गेस्टहाऊस परवडतात. दारू मिळत नाही, बिकिनीसाठी वेगळा बीच राखलेला, बाकी ठिकाणी अंगभर कपडे. आम्हाला त्याचं काही नव्हतं, पाणी तेच निळं. बर्फी तिथंच संपवली, दोघांनी बसून, जेवण म्हणून. सासरी फोनवर मात्र चारही दिवस "मस्त चाललंय" सांगत होतो, आणि लोक स्टेटसला पाण्यावरचे फोटो का नाहीत विचारत होते.

विमानाची तिकिटं तेवढी खरी होती, साधारण ७० हजारांची. पीएनआर एअरलाईनच्या साईटवर दिसतो ना, तिथं पकडला गेला असता म्हणून ती त्यानं खरीच काढली. बाकी २ लाख १५ हजार गेले.

परत आलो तर ऑफिसला कुलूप, घरमालक म्हणतो भाडं माझंही बाकी आहे. मोठ्या दिरांच्या मित्रानं आधी ओळखच नाकारली, मग म्हणाला तो आमच्याकडे येतच नाही आजकाल. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला पण तो नंबर पैसे आत्ता गेले असतील तर कामाचा, खात्यातच थांबवता येतात, आमचे जाऊन अडीच महिने झालेले. पोलीस स्टेशनला पहिल्या दिवशी "हा तर व्यवहाराचा वाद आहे" ऐकून परत आलो. दुसऱ्यांदा कॅन्सलेशनची तारीख असलेला रिसॉर्टचा मेल छापून नेला, की बघा साहेब, पैसे कधी भरलेच नाहीत आणि खोटं व्हाउचर दिलं, तेव्हा कुठं तक्रार घेतली, न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८, म्हणजे आधीचं ४२०. ग्राहक आयोगातही केस टाकली, ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, हे खूप जणांना माहीतच नाही. कॅशचे ३५ हजार मात्र कुठंच सिद्ध होत नाहीत, ते सोडून दिले.

मामेबहिणीला मी एवढंच सांगितलं की रिसॉर्टला बुकिंग आहे का विचारूच नको. विचार, माझ्या नावावर किती पैसे जमा झाले आणि बाकी किती. हेच परत एकदा कॅन्सलेशनची मुदत उलटल्यावर विचार. बुकिंगमध्ये मेल तुझा टाकायला लाव, एजंट नाही म्हणाला तर उठून ये. आणि पैसे क्रेडिट कार्डानं, कंपनीच्या नावावर, बिल घेऊन. ती म्हणाली, ताई, पण हा तर ओळखीतला आहे.

आयोगाची पुढची तारीख अजून लागायची आहे. मधे दोन दिवस पेंचला जाऊन आलो, गेटजवळच्या एका साध्या रिसॉर्टमध्ये. पैसे पोचले का म्हणून मी तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा तिकडचे काका म्हणाले, "हो ना ताई, कालच सांगितलं न तुमाले."