११ हजार किलोमीटरची की ३४ हजारची? सेकंडहँड मस्टँग घेताना

माझा मामेभाऊ दोन महिने झाले सेकंडहँड फोर्ड मस्टँग जीटी शोधतोय, २०१७ चं मॉडेल, आणि आता दोनच गाड्या उरल्यात. एक वाशीत, जेमतेम ११ हजार किलोमीटर चाललेली, पण पीवाय म्हणजे पुदुच्चेरी पासिंग. दुसरी ठाण्यात घोडबंदर रोडला, ३४ हजार झालेत, एमएच ०४ म्हणजे ठाणे पासिंग, सिंगल ओनर. वाशीवाला चार लाख कमी सांगतोय म्हणून घरात सगळे तिकडेच झुकलेत. मी दोन्ही बघून आलो आणि मला ठाण्याचीच पटली, कारण ही गाडी तीन-चार वर्षांनी परत विकायची आहे हे आधीच ठरलंय.

पीवायचं आधी बोलू. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथे रजिस्टर करावी लागते, म्हणजे तिकडची एनओसी (ना हरकत पत्र) आणली की इकडचा रोड टॅक्स, त्यात इम्पोर्टेड गाडीला दर अजून जास्त. चार लाख वाचले म्हणेपर्यंत ते तिथेच जातील, आणि आपण नाही केलं तर उद्याचा गिऱ्हाईक तेवढे कापूनच भाव करणार.

कमी किलोमीटरचं तर मला खरंच वाईट वाटलं. वाशीच्या गाडीच्या टायरवर १४१७ छापलंय, म्हणजे २०१७ चा १४ वा आठवडा, आजपर्यंत बदललेलेच नाहीत. नखाने दाबलं तर रबर दगडासारखं, खाचांमध्ये बारीक भेगा. सर्व्हिस बुकात २०१९ नंतर एक शिक्का नाही, मग ते ११ हजार खरे आहेत हे कोण सांगणार? वर मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट बसवलाय, ईसीयू रीमॅप केलाय, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललीय, आणि ओरिजिनल सायलेन्सर कुठेय ते मालकालाच माहीत नाही. ५.० लिटरच्या व्ही८ ला, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनला, वेगळा आवाज कशाला लागतो! अशी गाडी घेणारे मोजकेच असतात.

ठाण्याच्या मालकाने जाड फाईल समोर ठेवली, दरवर्षीचं ऑइल चेंजचं बिल, प्रत्येकावर किलोमीटर ओळीने वाढत गेलेले. पुढचा बंपर स्पीडब्रेकरला घासला म्हणून रंगवलाय हे न विचारता सांगितलं, त्याचंही बिल होतं. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, मस्टँग बाहेरूनच यायची तरी गिऱ्हाईक पार्ट्सला घाबरतो, तेव्हा ही फाईलच त्याला धीर देईल.

रंग लाल की पांढरा यावर फार डोकं घालवू नका. इन्शुरन्सची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, बघूनही भाव ठरवू नका, पाच वर्षांपुढे ती कंपनीशी बोलून ठरते.

फक्त ठाण्याच्या आरसीवर अजून बँकेचं लोन दिसतंय. भावाला सांगितलंय, टोकन द्यायच्या आधी बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायचा सही केलेला फॉर्म ३५ डोळ्यांनी बघ.