ऑ पेअरच्या नोकरीच्या नावाखाली मी कशी फसले, सगळं सविस्तर लिहितेय

हे लिहायला मला पाच महिने लागले. लाज वाटत होती, कोणी विचारलं की काय गं, जाणार होतीस ना बाहेर, तर काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. पण मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीचा मेसेज आला, ताई मला लंडनच्या एका फॅमिलीचा मेल आलाय, दोन मुलं आहेत, जरा वाचून सांग ना खरं वाटतंय का. तो मेल वाचून माझे हातपायच गार पडले, शब्द न शब्द तोच, फक्त मुलांची नावं वेगळी. म्हणून आता लाजबिज सगळं बाजूला ठेवून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑ पेअर म्हणजे परदेशातल्या एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरात थोडा हातभार लावायचा आणि त्या बदल्यात राहणं, जेवण आणि पॉकेटमनी. शब्द फ्रेंच आहे, अर्थ बरोबरीच्या नात्याने. म्हणजे कामवाली नाही, घरातलीच एक. मला हेच आवडलं होतं. लहान मुलांमध्ये मी खूप रमते, एक वर्ष बाहेर राहून बघायचं होतं, म्हणून कुटुंबं आणि मुली यांची गाठ घालून देणाऱ्या एका साइटवर प्रोफाइल बनवली. साइट खरी होती, पण खऱ्या साइटवरही खोटी माणसं प्रोफाइल बनवतातच, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

चौथ्या दिवशी लंडनच्या एका बाईचा मेसेज आला. स्वतः डॉक्टर, नवरा इंजिनियर, मुलगी ६ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. दुसऱ्याच मेसेजमध्ये म्हणाली की इथे मला नोटिफिकेशन दिसत नाहीत, आपण मेलवर बोलू. मी लगेच मेल आयडी दिला. आता कळतं की साइटच्या चॅटवर लक्ष असतं, तक्रार केली तर प्रोफाइल उडवतात, म्हणून ह्या लोकांना तुम्हाला आधी तिथून बाहेर काढायचं असतं.

त्यानंतर तीन आठवडे पैशांचा विषयच नाही. ती मला विचारायची, धाकटा रात्री झोपला नाही तर तू काय करशील, मोठी शाळेतून रडत आली तर काय करशील, आणि मी रात्री जागून लांबलचक उत्तरं लिहायचे. एकदा तिने मोठीने काढलेलं चित्र पाठवलं, घर, चार माणसं आणि बाजूला लांब वेणी असलेली पाचवी, खाली लिहिलं होतं की ही तू. ते चित्र मी मोबाइलच्या वॉलपेपरला लावलं होतं. मला लोक म्हणतात की जास्त पैशांचा मोह पडला असेल, पैसे जास्त होतेच, पण खरं सांगते, मी त्या चित्रामुळे अडकले. ती मुलं मला माझी वाटायला लागली होती.

व्हिडिओ कॉल मात्र कधीच झाला नाही. कधी कॅमेरा बिघडलाय, कधी हॉस्पिटलची ड्यूटी, कधी धाकट्याला ताप. एकदा साधा फोन आला, बाईचा आवाज छान, मागे मुलांचा गलका, पाच मिनिटं बोलली आणि माझी होती नव्हती ती शंका गेली.

ऑफर होती आठवड्याला ३५० पौंड, काम २५ तास, विमानाचं तिकीट त्यांचं. हे किती खोटं आहे ते खरे आकडे माहीत असते तर तिथेच कळलं असतं. जर्मनीत ऑ पेअरला आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम आणि पॉकेटमनी महिन्याला २८० युरो, आठवड्याला नाही, महिन्याला, वर भाषेच्या क्लाससाठी ७० युरो. अमेरिकेत आठवड्याला किमान १९५.७५ डॉलर, पण कामाचे तास ४५ पर्यंत असू शकतात. ऑ पेअरला पगार नसतो, पॉकेटमनी असतो, म्हणून कोणी नर्सइतका पगार देतो म्हणाला की तिथेच थांबा.

मग कॉन्ट्रॅक्ट आलं, पाच पानी, सही केली. लगेच एका इमिग्रेशन वकिलाचा मेल, लेटरहेड, शिक्का, सगळं. वर्क परमिटची फाइल उघडायला ८४० पौंड, निम्मे कुटुंबाने भरलेत, निम्मे म्हणजे ४२० मी भरायचे. कुटुंबाने पैसे भरल्याची पावतीसुद्धा जोडलेली होती, आणि तीच पावती बघून मी पाघळले, वाटलं ते एवढं करतायत तर आपणही केलं पाहिजे. पैसे कुठल्या ऑफिसच्या खात्यात नाही, मनी ट्रान्सफरने एका माणसाच्या नावावर पाठवायचे होते. सोबत पासपोर्टचा स्कॅन, फोटो, जन्मदाखला. सगळं पाठवलं.

दहा दिवसांनी वकिलाचा दुसरा मेल, सोबत एका इमिग्रेशन अधिकाऱ्याचाही, तुमच्याकडे तीन महिने पुरतील एवढे पैसे आहेत हे दाखवावं लागतं, ९०० पौंड अधिकाऱ्याकडे जमा करा, एअरपोर्टवर उतरल्यावर रोख परत मिळतील. हे पैसे मी दादाकडून घेतले. दादाने एकच प्रश्न विचारला, तू त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोललीस का. आणि मी हो म्हणाले. खोटं बोलले, कारण नाही म्हटलं असतं तर तो नाही म्हणाला असता हे मला माहीत होतं. गेलेल्या पैशांपेक्षा हे जास्त लागतं मला, अजूनही.

तुमच्याकडे पैसे आहेत का हे व्हिसासाठी काही ठिकाणी खरंच बघतात, पण तेव्हा ते तुमच्याच खात्यात असायला लागतात आणि तुम्ही फक्त स्टेटमेंट दाखवता. दुसऱ्याकडे जमा करा आणि एअरपोर्टवर परत घ्या असं जगात कुठेही नसतं.

तिसऱ्या वेळी इन्शुरन्सचे ३१० पौंड मागितले, मी म्हटलं माझ्याकडे आता एक पैसा नाही. आणि एका दिवसात सगळं बदललं. तोपर्यंत प्रत्येक मेलमध्ये डियर होते, आता म्हणे तुझ्यामुळे मुलं रडतायत, तू आमचा वेळ फुकट घालवलास, वकील एम्बसीला कळवेल आणि तुला कुठलाच व्हिसा मिळणार नाही. मी रात्रभर रडले, मुलांसाठी रडले, विचार करा.

सकाळी एम्बसीला स्वतःच सांगावं म्हणून ब्रिटिश सरकारची वेबसाइट उघडली आणि दहा मिनिटांत कळलं की ब्रिटनमध्ये ऑ पेअरचा व्हिसाच नाहीये. वेगळा व्हिसा होता तो २००८ मध्येच बंद झाला, नंतर युरोपियन युनियनमधल्या मुली व्हिसाशिवाय जायच्या, ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून तेही थांबलं. आता काही ठरावीक देशांच्या तरुणांसाठी यूथ मोबिलिटी स्कीम (ठरावीक काळ तिथे राहून काम करायचा व्हिसा) आहे पण त्यात अर्ज आपण स्वतः करायचा, कुटुंबाने स्पॉन्सर करायचा प्रश्नच येत नाही. मग अधिकाऱ्याचा मेल परत नीट बघितला, पत्त्यात गव्ह आणि यूके दोन्ही होतं पण मधेच कुठेतरी, शेवट भलताच. खरा सरकारी पत्ता डॉट गव्ह डॉट यूके (.gov.uk) असाच संपतो. त्यांनी पाठवलेले कुटुंबाचे फोटो इंटरनेटवर टाकून ते अजून कुठे आहेत ते शोधलं, एका फोटोग्राफरच्या जाहिरातीतलं कुटुंब निघालं. चित्र कुठेच सापडलं नाही, ते कोणत्या मुलीने काढलंय मला माहीत नाही.

पैसे पाठवल्या दिवशीच कोणीतरी उचलले होते, त्यामुळे काही परत आलं नाही. सायबर पोलिसांकडे तक्रार केली, पासपोर्टचा स्कॅन गेलाय हे पासपोर्ट ऑफिसला कळवलं. महिन्याभराने एकाचा मेल, आम्ही फसवणुकीचे पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा. माझे किती पैसे गेले ते त्याला अगदी पौंडापर्यंत बरोबर माहीत होतं, आता हा कोण असेल ते तुम्हीच समजा. ह्याला उत्तरसुद्धा देऊ नका.

मी त्या मुलीला जे सांगितलं तेच इथे सांगते. आपण सगळ्या आधी फॅमिली शोधतो आणि मग व्हिसा, तिथेच चुकतं. आधी त्या देशाच्या सरकारी साइटवर ऑ पेअरचा व्हिसा आहे का आणि आपल्या पासपोर्टवर मिळतो का ते बघा. नॉर्वेने २०२४ मध्ये ही सोय बंदच केली, तरी तिथल्या फॅमिलीच्या नावाने कोणी मेल पाठवू शकतंच. अमेरिकेत जे-१ व्हिसा (सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीचा) लागतो आणि तो फक्त परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांमार्फतच, त्यांची यादी सरकारी साइटवर असते, कुटुंब तुम्हाला परस्पर बोलवूच शकत नाही. नेदरलँड्समध्येही इमिग्रेशन खात्याने मान्य केलेली एजन्सी लागतेच आणि ती तुमच्याकडून तयारीसाठी ३४ युरोपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. जर्मनीत फॅमिलीशी थेट करार करता येतो, पण अर्ज करताना वय २७ च्या आत, जर्मन थोडंफार यायला हवं, आणि इन्शुरन्स फॅमिलीने भरायचा, तुम्ही नाही. व्हिसाची फी साधारणपणे अर्ज करताना सरकारी साइटवर, एम्बसीला नाहीतर तिच्या अधिकृत सेंटरला भरतात, वकिलाला नाही आणि अधिकाऱ्याच्या नावावर तर कधीच नाही.

आणि व्हिडिओ कॉल. मुलांसकट, एकदा नाही तीनदा, त्यांच्या आधीच्या ऑ पेअरशीही बोलायला मागा. जी आई आपली पोरं तुमच्या हातात देणार आहे तिलाच तुम्हाला बघायची घाई असायला हवी ना? माझ्या बाईला एकदाही नव्हती.

अजून एक. तक्रारीसाठी कॉन्ट्रॅक्टची प्रिंट काढली तेव्हा ते पहिल्यांदा नीट वाचलं. तिसऱ्या पानावर सुट्टीचे नियम आहेत, तिथे एका ओळीत माझ्याऐवजी दुसऱ्याच मुलीचं नाव राहून गेलंय, आडनाव नाही. माझ्याआधीची असणार. मी सही केली तेव्हाही ते तिथेच होतं. तुमच्याकडे असं पाच पानी कॉन्ट्रॅक्ट आलं असेल तर आज रात्रीच तिसरं पान काढून बघा, तिथे कदाचित माझं नाव असेल.