बाराशे वर्षांपूर्वीचा माल आणि त्याचं पॅकिंग

कोल्हापुरात आमचं क्रोकरीचं दुकान आहे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी गल्ल्यावर बसायला लागले, त्याला आता चौतीस वर्षं झाली. सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममधल्या ‘तांग शिपरेक’ (तांग राजवटीच्या काळात बुडालेलं जहाज) या दालनाबद्दल इथे जे लिहिते आहे, ते कपबश्या विकणाऱ्या बाईनं जे पाहिलं ते आहे. मुलगा तिकडे नोकरीला, म्हणून महिनाभर राहणं झालं आणि त्या महिन्यात मी या दालनात तीनदा गेले. सहा वर्षांपूर्वी एका टूरबरोबर आलो होतो, तेव्हा नदीतल्या बोटीतून ही पांढरी इमारत लांबूनच दाखवली होती आणि पुढे आम्हाला खरेदीला सोडलं होतं. तेव्हा काय हुकलं हे आता कळलं.

थोडक्यात हकीकत अशी. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रकाकडी नावाचा समुद्री जीव गोळा करणाऱ्या पाणबुड्यांना तळाशी चिनी मातीच्या भांड्यांचा ढीग लागला. खाली नवव्या शतकातलं एक अरबी बांधणीचं जहाज होतं. चीनहून माल भरून पश्चिमेकडे निघालेलं आणि वाटेतच बुडालेलं. त्यातून साठ हजारांच्या आसपास नग निघाले. त्यांतल्या एका वाडग्यावर चिनी सम्राटाच्या काळगणनेनुसार तारीख कोरलेली आहे, ती येते इ.स. ८२६. म्हणजे बॅचची तारीखच मिळाली म्हणा. जहाज त्यानंतर थोड्याच वर्षांत बुडालं असणार, कारण असला रोजच्या वापराचा माल कोणी वर्षानुवर्षं गोदामात ठेवत नाही.

दालनात शिरल्यावर बहुतेक लोक सोन्याच्या पेल्याकडे धावतात. पेला आहेच बघण्यासारखा: आठ बाजूंचा, प्रत्येक बाजूवर वाजवणारा नाहीतर नाचणारा एकेक माणूस, आणि अंगठा टेकवायच्या पट्टीवर दाढीवाले दोन चेहरे. बघा आणि पुढे चला. खरा ऐवज वाडग्यांचा आहे.

हे वाडगे हुनान प्रांतातल्या चांगशाच्या भट्ट्यांतले. एकट्या चांगशाचेच पन्नास हजारांहून अधिक. वीतभराहून लहान, पिवळसर ग्लेझ (भांड्यावरची काचेसारखी झिलई), आणि आत तपकिरी-हिरव्या रंगात हातानं मारलेलं चित्र. पहिल्या भेटीत मी एकाच वाडग्यापुढे किती वेळ उभी होते कोण जाणे. त्याच्या काठाकडे बघत होते. काठावर चार ठिकाणी तपकिरी डाग आहेत, समोरासमोर. ही नक्षी नुसती हौसेची नाही. वाडगा हातात धरून एक बाजू रंगात बुडवायची, फिरवायची, दुसरी बुडवायची. चार बुचकळ्या आणि नग पुढे सरकवायचा. मग चित्रकार आत कुंचल्याचे पाच-सात फटकारे मारणार. पक्षी, मासा, ढग, पान. जवळून पाहिलं की कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला, कुठे रंग संपत आला हे दिसतं. एकाच पक्ष्याचे शेजारी शेजारी दहा वाडगे ठेवले तरी एकही दुसऱ्यासारखा नाही. झपाट्यानं केलेलं काम आहे, पण हात बसलेला आहे. आमच्याकडे उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून माल येतो, त्यातही हातानं रंगवलेला लॉट मी असाच ओळखते.

दुकानात नवा कप हातात आला की मी नखानं टिचकी मारते. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी बारीक चीर आहे. इथे काचेपलीकडे तीच टिचकी मारायला बोट शिवशिवत होतं. भाजणीचा आवाज ऐकायचा होता.

आता पॅकिंग. माझ्या मते या दालनातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. वाडगे हिरव्या ग्लेझच्या मोठ्या रांजणांत भरलेले होते. उभे, कडेवर, एकाला एक टेकवून, चकलीच्या वेढ्यासारखे गोल गोल नेत. एका मोठ्या रांजणात शंभराहून जास्त. बशी किंवा वाडगा आडवा रचला की वरच्या वजनानं खालचा तडकतो. उभा ठेवला की वजन कडेवर जातं, आणि कड सगळ्यात भक्कम. हे मला सासऱ्यांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. एका दिवाळीला ट्रान्सपोर्टवाल्यानं आमच्या पेट्या उलट्या रचून आणल्या आणि पेंढ्यातून नुसती खापरं काढत मी रात्र काढली, ते मी विसरलेले नाही. आणि इथे रांजणात रचलेले वाडगे समुद्राच्या तळाशी अकराशे सत्तर वर्षं राहिले, आणि रांजण फोडल्यावर ग्लेझ कालच भट्टीतून काढल्यासारखं. रांजणाबाहेर जे होते त्यांची चमक खाऱ्या पाण्यानं खाल्ली, काहींवर पोवळी चढली. ज्यानं तो रांजण भरला त्याचं नाव कुठेच नाही. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

मालाचं मागणीशी नातं कसं असतं, तेही इथे लखलखीत दिसतं. वाडग्यांवर कमळ आहे, बौद्धांचा स्तूप आहे, आणि अरबी अक्षरांसारखी वळणंही आहेत. हुनानमधल्या त्या कारागिरांनी बगदाद कुठलं बघितलेलं असणार! पण गिऱ्हाईक कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं. एका वाडग्यावर तर ‘चहाचा वाडगा’ असं चिनीत लिहिलंय, म्हणजे घरचं गिऱ्हाईकही सुटलेलं नाही. कोणाचा धर्म काय याची चौकशी न करता सगळ्यांसाठी एकाच भट्टीत भाजलेला माल.

तीन निळ्या-पांढऱ्या ताटल्यांपुढे मात्र शांतपणे थांबा. अखंड सापडलेल्या चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांत या सगळ्यात जुन्या. घडल्या हनान (हुनान नव्हे) प्रांतातल्या भट्टीत, निळा रंग मात्र कोबाल्टचा, बहुधा इराणकडून आलेला, आणि मधली चौकटीची नक्षी पश्चिम आशियाच्या पसंतीची. तिकडे इराकमधल्या बसऱ्याचे कुंभार याच सुमारास उलटी खटपट करत होते. त्यांच्याकडे चीनसारखी पांढरी माती नव्हती, म्हणून साध्या मातीवर कथलाचं पांढरं ग्लेझ चढवून वर निळी नक्षी काढायचे. दोन टोकांचे कारागीर, एकमेकांचं तोंड न बघता एकमेकांच्या मालावर डोळा ठेवून होते. व्यापारात असं नेहमी होतं, पण त्याचा पुरावा इतक्या समोर ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

हा माल खुष्कीच्या वाटेनं का गेला नाही, असं नातीनं विचारलं. ७५५ मध्ये चीनमध्ये आन लुशान या सेनापतीचं बंड झालं, पश्चिमेकडच्या वाटा तिबेटी फौजांच्या हाती गेल्या आणि व्यापाराचं पारडं समुद्राकडे झुकत गेलं. शिवाय उंटावर वाडगे किती लादणार? जहाजाच्या तळाला मात्र वजन हवंच असतं. इराणच्या आखातातून मस्कत, तिथून केरळातलं कोल्लम, मग मलाक्काची सामुद्रधुनी आणि पुढे चीनचं ग्वांगचौ बंदर, अशी तेव्हाची वाट. वारे बदलायची वाट बघत बंदरात महिनोनमहिने मुक्काम. जहाजाला लोखंडी खिळा नव्हता. फळ्या भोकं पाडून दोरानं शिवलेल्या. फळ्यांचं लाकूड आफ्रिकेतलं. त्याच पद्धतीनं, नारळाच्या काथ्यानं शिवून ओमाननं एक जहाज बांधलं आणि ते २०१० मध्ये मस्कतहून खरोखर सिंगापूरपर्यंत आलं, वाटेत कोचीला थांबून.

८२६ साली आपल्याकडे राष्ट्रकूट अमोघवर्षाचं राज्य होतं. संजानच्या ताम्रपटात आहे की प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्यानं आपलं बोट महालक्ष्मीला वाहिलं, आणि ती महालक्ष्मी आमची कोल्हापूरची, असं अभ्यासक मानतात. ८५१ च्या एका अरबी वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांत या राष्ट्रकूटांना, ‘बल्हरा’ म्हणून, बसवलंय. आणि त्याच वृत्तांतात चिनी वाडगे इतके पातळ की आतलं पाणी बाहेरून दिसतं, असंही लिहिलंय. देवळाच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या मला हे कळल्यावर ते दालन परक्या देशातलं वाटेना. एका रांजणात चक्रीफूल निघालं हे ऐकलं तेव्हा तर घरच्या मसाल्याच्या डब्याचाच वास आला.

एका गोष्टीवर मी नंतरही विचार करत राहिले. हा माल इंडोनेशियाच्या सरकारी परवान्यानं एका खासगी कंपनीनं वर काढला आणि २००५ मध्ये सिंगापूरनं सुमारे ३.२ कोटी अमेरिकी डॉलरला घेतला. खोदकाम व्यापारी पद्धतीनं आणि घाईनं झालं, असा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप होता. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये २०१२ साली ठरलेलं प्रदर्शन त्यावरून बारगळलं. आक्षेप मला पटतो. पेटी उघडली की आधी कोणत्या थरातला माल फुटलाय ते बघायचं असतं, सगळं भसाभस बाहेर काढलं की कुठे काय चुकलं ते कधीच कळत नाही. पण बहुतेक लॉट एकत्र राहिला, लिलावात जगभर विखुरला नाही, याचं मला फार समाधान आहे. शंभर वाडगे एकत्र दिसतात म्हणूनच ते काम कळतं. एकटा वाडगा फक्त सुंदर दिसला असता.

जायचं असेल तर रॅफल्स प्लेस स्टेशनवर उतरा, तिथून नदीकाठानं थोडंसं चालणं. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, गर्दी टाळायला ती वेळ बरी. परदेशी पाहुण्यांना तिकीट आहे, तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना नाही. स्वयंसेवक फुकट फेरी घडवतात, ती जरूर घ्या, पण त्याआधी एकटे एकदा फिरा. एसीसाठी अंगावर शाल ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना वाडग्याच्या काठावरचे चार डाग शोधायला लावा. आमची नात नऊ वर्षांची आहे, तिला एक वाडगा सापडला ज्याचा चौथा डाग बाकीच्या तिघांपेक्षा बराच मोठा आहे. “आजी, इथे त्याचा हात घसरला,” म्हणाली, आणि तिसऱ्या भेटीत आम्ही दोघी फक्त तेवढाच बघायला गेलो.