तीस दिवस झाल्याशिवाय मासा न देणारं दुकान

"पैसे पर्समध्येच ठेवा ताई, मासा आज मिळत नसतो." अण्णांच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा हे ऐकून मी जरा चिडलेच होते. समोरच्या टाकीत दोन क्लाउनफिश मजेत फिरत होते, काचेवर मार्करने '११' लिहिलेलं होतं. मला वाटलं टाकी नंबर ११. तो अकरावा दिवस होता. काचेवर ३० लागल्याशिवाय अण्णा मासा पिशवीत भरत नाहीत, तुम्ही कितीही पैसे दाखवा.

दुकानाचं नाव लिहू नका, असं त्यांनीच सांगितलंय. ("लोक येतात आन् गप्पी मागतात की हो.") सोलापूरच्या अशोक चौकाजवळच्या एका बोळात, खाली झेरॉक्स, वर हे. फक्त समुद्री मासे, आणि तेही एका वेळी पंधरा-वीसच. समुद्र इथून शेकडो किलोमीटर, नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि हा माणूस आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ कालवून माशांचं विलगीकरण चालवतो. सोलापुरात काहीही चालतं बघा.

मी तिथे पोचले ती तीन मासे मारून. गेल्या हिवाळ्यात बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून दोन क्लाउन आणि एक पावडर ब्लू टँग मागवला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या डब्यात आले, पहाटे सात रस्त्यावर जाऊन घेतले आणि सरळ मोठ्या टाकीत सोडले. तिसऱ्या दिवशी टँगच्या परांवर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके. विक्रेत्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, हीटर तीसवर करा आणि ही निळी बाटली टाका. दोन-तीन दिवसांत ठिपके गेले. मी त्याला हात जोडलेला इमोजीही पाठवला! आठवडाभराने ठिपके परत आले ते तिप्पट होऊन, आणि त्यानंतर चार दिवसांत टाकी रिकामी.

हे सगळं ऐकून अण्णा हसले नाहीत, एवढ्यासाठीच त्यांना एक स्टार. त्यांनी समजावलं ते असं. या पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीला इक म्हणतात. गोड्या पाण्यातला इक वेगळा आणि समुद्रातला वेगळा, दिसायला सारखे असले तरी जीव निराळे. तापमान वाढवण्याचा उपाय गोड्या पाण्यातला. समुद्रातला, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीत शिरून तीन ते सात दिवस खातो, मग पोट भरलं की गळून तळाला जातो. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही, पाहुणे जेवून उठलेत. तळाशी ते कवच करून बसतात, आणि एकेका कवचातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात. काही कवचं तीन दिवसांत फुटतात, काही चार आठवडे घेतात, काही त्याहूनही जास्त. औषध लागू पडतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीत शिरलेल्याला नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणून तीस दिवस. आणि म्हणून माझी मोठी टाकी त्यांनी ७६ दिवस माशांविना ठेवायला लावली. खडक होते, गोगलगायी होत्या, पंप चालू होता, मासा एक नाही. मुलगा रोज विचारायचा, "आई, आपण दगड पाळलेत का?"

औषध म्हणजे तांबं. इथे अण्णांचा खरा कस लागतो. विलगीकरणाच्या टाक्या उघड्याबोडक्या: काच, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे एल्बो. वाळू नाही, खडक नाही, कारण दोन्ही चुनखडीच्या जातीचे, पाण्यातलं तांबं ओढून घेतात आणि मात्रा घसरते. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी उदबत्ती, मग तांब्याची तपासणी. हातात मावेल एवढं डिजिटल यंत्र आहे, त्यात पाणी भरलेली छोटी बाटली ठेवून शून्य करायचं, मग पुडीतली पावडर टाकून हलवायचं, पाणी जांभळट होतं, थोडं थांबलं की आकडा. तो आकडा वहीत. त्यांचं तांबं चिलेटेड, म्हणजे बांधलेल्या प्रकारचं, ते २ ते २.५ पीपीएममध्ये (लिटरला मिलिग्रॅम) ठेवतात. आयोनिक, म्हणजे सुट्या प्रकारच्या काही बाटल्यांना ०.५ पुरे असतं. एका बाटलीचा आकडा दुसरीला लावला तर एक तर मासा मरतो, नाही तर जंतू जगतो. मात्रा एक दिवस जरी खाली आली तरी काचेवरचा आकडा पुसून पुन्हा १. मी स्वतः २२ चा १ होताना पाहिलाय. गिऱ्हाईक समोर उभं होतं, बिचारं परत गेलं. अण्णा वही मिटून म्हणाले, "फिल्टरात कुणी तरी कोळसा टाकला बे." कोळसाही तांबं ओढून घेतो. कुणी तरी म्हणजे त्यांचाच पुतण्या.

मला या दुकानाचं सगळ्यात जास्त काय आवडलं, तर ते बघायला शिकवतात. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. टॉवेलमधला ओढलेला धागा समोरून दिसत नाही, उजेड बाजूने पाडला की लगेच कळतो. अण्णा मासा तसाच बघतात. खोलीतला दिवा बंद, टॉर्च बाजूने. सुटे, मोजता येण्यासारखे कण असले तर इक. अंगावर पिठाची चाळणी झटकल्यासारखी बारीक धूळ, मासा पंपाच्या झोतात तोंड करून थांबलाय, उजेड टाळतोय, कल्ले भात्यासारखे चाललेत, तर वेल्वेट, हा दुसरा परजीवी रोग. त्यात वाट बघायची सोय नाही, दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो, आणि कधी कधी तर धूळ दिसायच्या आतच मासा जातो कारण पहिला मार कल्ल्यांवर असतो. क्लाउनच्या अंगावरून शेंबडासारखे पापुद्रे सुटत असतील तर ब्रुकलिनेला नावाचा तिसरा परजीवी. त्याला तांबं लागू पडत नाही, फॉर्मॅलिनची आंघोळ लागते. ती ते स्वतः गॅलरीत हातमोजे घालून, पंखा लावून देतात, पण फॉर्मॅलिनची बाटली गिऱ्हाइकाला विकत नाहीत. मी दोनदा मागून पाहिली. बरोबरच आहे त्यांचं.

आणि ती गोड्या पाण्याची आंघोळ. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेले होते, गड्डा यात्रेच्या गर्दीमुळे रिक्षा लांबच सोडावी लागली. अण्णांनी काळं घमेलं घेतलं, त्यात आरओचं पाणी. टाकीच्या पाण्याइतकंच कोमट केलं, खायचा सोडा घालून पीएच जुळवला, एअर स्टोन सोडला. मग डोळ्यावर पडदा आलेला एक एंजल मासा त्यात. मासा आडवा पडला, माझा जीव वर-खाली. ते घड्याळ बघत नुसते उभे. तिसऱ्या मिनिटाला घमेल्याच्या तळाशी पांढरं काही तरी पडायला लागलं. चपटे, लंबगोल, तिळाएवढे. ते फ्लूक, माशाला चिकटून राहणारे चपटे किडे. माशाच्या अंगावर काचेसारखे पारदर्शक असतात म्हणून दिसत नाहीत, गोड्या पाण्यात मरून पांढरे होतात, आणि घमेलं काळं कशाला ते तेव्हा कळतं. पाच मिनिटांनी मासा परत टाकीत. मी अकरा मोजले. "उद्या तिळगुळ खाताना आठवण ठेवा," असं म्हणाले, आणि झालंही तसंच. या आंघोळीने सगळे जात नाहीत, त्यामुळे पुढे प्राझिक्वान्टेल हे जंतांचं औषध. तेही दोनदा, आठवड्याच्या अंतराने, कारण अंड्यांवर औषध चालत नाही.

आता तक्रारी. भाव. दुसरीकडे सहाशेला मिळणारा क्लाउन इथे अकराशेला. पहिल्यांदा मला ती लूट वाटली, तीन मासे मेल्याचा हिशेब केल्यावर वाटेनाशी झाली, पण कॉलेजच्या पोराला परवडणार नाही हे खरंच. फोन उचलत नाहीत. जिना इतका उभा आणि अंधारा की पाण्याची पिशवी घेऊन उतरताना भिंत धरावी लागते. ऑनलाइन पैसे घेतात, पण पावती मागितली की कपाळाला आठ्या. दुसरीकडून आणलेला मासा उपचाराला ठेवून घेत नाहीत. विचारलं तर एका टाकीला हात लावून बोट आठ टाक्यांकडे, म्हणजे एकीतला रोग सगळ्यांत. एप्रिल-मेमध्ये नवा मालच मागवत नाहीत, बाहेर त्रेचाळीस असताना ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेल्या माशाची खात्री देत नाही म्हणतात. उन्हाळ्यात गेलात तर अर्ध्या टाक्या कोरड्या दिसतील, दुकान बंद पडलं असं समजू नका. आणि कोळंबी, कोरल मिळणार नाही. तांब्याच्या टाक्यांशेजारी ते ठेवणं म्हणजे त्यांचा जीव घेणं. जाळ्यासुद्धा वेगळ्या खिळ्यांना टांगलेल्या आहेत, लाल दोरीच्या तांब्याच्या.

पावडर ब्लू मला अजून दिलेला नाही. त्या माशाला इक फार लवकर धरतो, आणि माझी टाकी तीन फुटी. सहा फुटी आणा, मग बोलू, असं उत्तर आहे. क्लाउनची जोडी मात्र पाचव्या महिन्यात आहे, अंगावर एक ठिपका नाही. टॉर्च मी अजून रोज मारते, ती सवय आता जाणार नाही.

पाचपैकी चार. एक जिन्यासाठी कापला. संध्याकाळी सहानंतर जा, सकाळी ते वहीत असतात, बोलत नाहीत.

सध्या माझ्या नावाची चिठ्ठी लावलेला एक फायरफिश १९ वर आहे. काल शटर ओढता ओढता अण्णांनी विचारलं, "टाकीला झाकण आहे ना? हा उड्या मारतो." नाही म्हटलं. "मग तिसाव्या दिवशी पण देत नसतो."

आज दुपारच्या सुट्टीत जाळी मापून आणलीय.